मागच्या सीटवरून घेतलेली गाडी

जुनी मोटरसायकल बघायला आलेला माणूस काय करतो, हे चमकूला झोपेतही सांगता आलं असतं. आधी टाकीवर हात फिरवतो. मग खाली वाकून इंजिनाकडे असं बघतो, जणू त्यातलं सगळं त्याला कळतं. मग टायरला एक लाथ मारतो. का मारतो ते त्यालाही माहीत नसतं. शेवटी पुढे बसून, गाडी जागेवरच उभी असताना, हँडल डावीकडे-उजवीकडे वळवून बघतो आणि तोंडातल्या तोंडात घुर्र करतो. चांगले पन्नाशीतले बाप्येसुद्धा करतात. त्या दिवशी आलेल्या बाईने यातलं काहीच केलं नाही. तिने आपली रेक्झिनची पिशवी पोटाशी धरली, दोन्हीकडे पाय टाकून ती सरळ मागच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "हं, चालवा."

"कोण, मी?" चमकू म्हणाला.

"मग काय मी? गाडी अजून तुमचीच आहे ना?"

चमकूचा धंदा जुन्या मोटरसायकली विकण्याचा. भंगारातून आणलेली गाडीसुद्धा तो अशी घासूनपुसून, रंगवून उभी करायचा की बघणाऱ्याने आपले केस तिच्यात विंचरावेत, म्हणून त्याला हे नाव पडलेलं. त्याने बाईबरोबर आलेल्या तिच्या दिराकडे पाहिलं. दिराने कपाळावर हात मारला. जुन्या गाड्यांतलं आपल्याला सगळं कळतं असा या दिराचा लौकिक होता, आणि तो लौकिक पसरवण्याचं कामही तो स्वतःच करत असे.

"वहिनी, गाडी पुढे बसून बघतात," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"ज्याला पुढचं कळतं त्याने पुढे बसावं, भाऊजी. मला मागचं कळतं."

चमकूने तिला एक चक्कर मारून आणलं. बाई खाली उतरली, कपडे झटकले आणि म्हणाली, "ही पडलेली आहे. डाव्या अंगावर, चांगली जोरात. नको."

"काय बोलता मावशी! डॉक्टर वापरायचे ही गाडी."

बाईचं सगळं आयुष्य डॉक्टरांच्या हाताखाली गेलं होतं. डॉक्टर माणूस आपल्या वस्तू कशा वापरतो हे तिला सांगायला चमकूची गरज नव्हती. "मग डॉक्टरच पडले असतील," एवढंच म्हणून ती पुढच्या दुकानाकडे चालू लागली.

गल्लीत तिला पट्टीबाई म्हणत. मोठ्या दवाखान्यात जखमा धुऊन पट्ट्या बांधता बांधता ती निवृत्त झाली, आणि निवृत्त झाल्यावर तेच काम घरोघरी जाऊन करू लागली. ज्यांना अंथरुणातून उठवत नाही, ज्यांची जखम भरत नाही, त्यांच्याकडे ती जायची. माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, जखमा राहत. "आज सकाळी बेकरीमागची टाच, मग जिन्यावरची पाठ, आणि परत येताना चिडका गुडघा," असा तिचा दिवस ठरायचा. चिडका गुडघा म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक होते, हे तिला आठवायला थोडा वेळ लागे.

नवरा गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचा. दोघं सकाळी एकाच मोटरसायकलवर निघत. तो पुढे, ती मागे, दोघांच्या मध्ये तिची पिशवी आणि त्याची हत्यारांची पेटी, आणि या पेटीचा कोपरा तिच्या बरगडीत. तो तिला टाचेपाशी सोडायचा, शेगडी बघून यायचा, तिथून उचलून पाठीपाशी टाकायचा. लग्न झाल्यापासून हे असंच. भांडणंसुद्धा दोघांची गाडीवरच व्हायची, कारण घरी पोचेपर्यंत एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत आणि त्यामुळे बोलायला सोपं जायचं.

मग नवऱ्याचे डोळे गेले. अगदी गेले असं नाही; समोरचं अजून दिसायचं, पण दोन्ही बाजूंचं अंधारत आलं होतं. एका वळणावर त्याने फळांची हातगाडी उडवली. फळं रस्ताभर झाली, माणसाला काही झालं नाही. नवरा घरी आला, हेल्मेट खुंटीला लावलं आणि आठवडाभर कुणाशी बोलला नाही. पुढच्या आठवड्यात ती टाचेची पट्टी बदलून चालत घरी आली, तर दारातली गाडीची जागा रिकामी. खाली तेवढा तेलाचा डाग.

"विकली," नवरा म्हणाला.

"मला न विचारता?"

"मला चालवता येत नाही. मग ठेवून काय लोणचं घालायचंय?"

"आणि मी?"

"तू काय?" तो खरोखरच गोंधळून म्हणाला. "तू तर मागे बसायचीस."

त्या वाक्याने तिच्या अंगाची लाहीलाही झाली. वाईट म्हणजे तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिने दोन दिले असते नि विषय संपला असता. त्याला ते मनापासून तसंच वाटत होतं, म्हणून तिला बोलताच येईना. ती आत गेली, पट्ट्यांचा डबा उघडला आणि सगळ्या पट्ट्या उगीचच उलगडून पुन्हा गुंडाळत बसली. शेवटची पट्टी गुंडाळून होईपर्यंत तिचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती "नवीन पाठ आहे, रोज जावं लागेल" असं घरात सांगून गाडी शिकवण्याच्या क्लासला जाऊ लागली. तिथे सगळी कोवळी पोरं. शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू, मुलाचं नाव नोंदवायचंय का?" ती म्हणाली, "मुलाला येते. आईची राहिली आहे." दीडएक महिना तिने क्लासची खिळखिळी, हलकी गाडी मैदानात फिरवली, परीक्षा दिली आणि लायसन घेऊनच घरी सांगितलं. नवऱ्याने लायसन डोळ्यांसमोर धरून पाहिलं आणि म्हणाला, "फोटो बरा आलाय."

आता प्रश्न गाडीचा. आणि तो नुसत्या हौसेचा नव्हता. ज्या दवाखान्यातून तिला ही घरोघरची कामं मिळत, त्यांनी कळवलं होतं की नदीपलीकडच्या नव्या वसाहतीतले पेशंट वाढलेत. पुढच्या महिन्यापासून तिकडे जमत असेल तर सांगा, नाहीतर सगळंच काम दुसऱ्यांना देऊ. तिकडे बस जात नव्हती आणि चालत जायला गुडघे तयार नव्हते. गाडी नाही तर काम नाही. आणि काम नाही म्हणजे काय, तेही ठरलेलं होतं. लेक दूर गावात राहायचा, त्याच्या घराला एक मागची खोली होती, आणि फोनवर दर वेळी तो त्या खोलीवर येऊन थांबायचा.

"आई, या ना तुम्ही दोघं. खोली रिकामीच आहे. किती दिवस लोकांचे पाय धूत बसणार?"

"त्याच पायांवर तू उभा आहेस," ती म्हणायची आणि फोन ठेवायची. लेक वाईट नव्हता. पण चांगल्या माणसांना नाही म्हणणं वाईट माणसांपेक्षा अवघड असतं, आणि ती रोज म्हणत होती.

नव्या गाडीकडे बघायचीही सोय नव्हती. सगळे म्हणाले, जुनी स्कूटर घ्या, हलकी असते, बायकांना बरी. वसाहतीकडचा रस्ता खडीचा होता आणि त्यात स्कूटरची छोटी चाकं बसायची, हे एक कारण होतं. दुसरं कारण तिने कुणाला सांगितलं नाही. जी गाडी तिच्या खालून काढून घेतली होती ती मोटरसायकल होती, आणि तिला मोटरसायकलच हवी होती.

तर असा तो शोध सुरू झाला. जुन्या गाड्यांचा बाजार म्हणजे दिसतं तसं नसतं याची शाळाच. इंजिन खडखडत असेल तर त्यात घट्ट तेल ओतून ठेवतात, संध्याकाळपर्यंत ते मुकाट राहतं. सुरू व्हायला त्रास देणारी गाडी गिऱ्हाईक यायच्या आधीच तापवून ठेवतात. दिराचा त्यावर उतारा होता: दुकानात शिरल्या शिरल्या इंजिनावर तळहात ठेवायचा. गरम लागलं की "चला" म्हणायचं. या युक्तीने त्याचा तळहात दोनदा पोळला होता, पण तो ती सोडत नव्हता.

पट्टीबाईची रीत एकच. मागे बसायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "चालवा." कारण फसवणारा माणूस पुढून फसवतो. टाकी चमकवतो, दिव्याची काच बदलतो, हँडलला नव्या मुठी घालतो. मागच्या सीटवर बसणाऱ्याला फसवायचं कुणाच्या मनातच येत नाही, कारण मागे बसणाऱ्याला कोण विचारतो? चौकट वाकलेली असली की कंबर एका बाजूला ओढली जाते. चेन गेली असली की पाय ठेवायच्या दांडीतून टाचेला हिसके बसतात. शॉकअप मेले असले तर ते मणक्याला कळतं, आणि इंजिन तेल पीत असेल तर त्याचा वास थांबल्यावर मागून येतो आणि आधी मागच्याच्या नाकात शिरतो. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. ठेचा खाऊन ही बाई बरीच शहाणी झाली होती.

एका गाडीवरून उतरून ती म्हणाली, "हिचं मागचं चाक दुसऱ्या गाडीचं आहे." एकीवरून अर्ध्या रस्त्यातच उतरली नि चालत परत आली. एका दुकानदाराने वैतागून विचारलं, "बाई, गाडी घ्यायची आहे की फिरायला आलाय?" दीर प्रत्येक ठिकाणी लांब उभा राहून आपण बरोबर नाही असं दाखवायचा. अखेर एकदा चहाच्या टपरीवर त्याचा संयम सुटला.

"वहिनी, लोक हसतात. मी या बाजारात तोंड दाखवायचं की नाही?"

"तोंड तुमचं, दाखवा नाहीतर झाका. पैसे माझे आहेत."

"मग घ्या तुमची तुम्ही!"

"घेते," ती म्हणाली, आणि चहाचे पैसे देऊन निघाली.

आणि तिने घेतलीच. बाजारात नव्हे. जिन्यावरच्या पाठीने, म्हणजे त्या पाठीच्या मुलीने सांगितलं की शेजारी एक काका आहेत, त्यांचा छापखाना होता, आता बंद आहे. त्यांची एक म्हातारी मोटरसायकल आहे, पण आता त्यांना ती उचलत नाही. पट्टीबाई तशीच हातातली कामं आटोपून तिथे गेली. गाडी छापखान्याच्या पडवीत उभी होती. काळपट हिरवी, टाकीवर रंग उडालेला, कुठे चमक म्हणून नाही. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. काकांनी आपणहून इंजिनावर तिचा हात ठेवून दाखवला. गार होतं. मग त्यांनी एका किकमध्ये गाडी सुरू केली.

ती मागे बसली. काका सावकाश चालवत होते. तिने डोळे मिटले, आणि कंबरेखालची ती सीट इतकी सरळ, इतकी शांत गेली की तिला आपण बसलोय याचा विसर पडला. खड्डा आला तो गाडीने गिळला, तिच्यापर्यंत पोचू दिला नाही. एकच ठोका, संथ, मोठा, पोटातून येणारा. कितीतरी वर्षांनी बरगडीत काही टोचत नव्हतं! चक्कर संपली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याचा तिला रागही आला.

"चालवणार कोण?" काकांनी विचारलं.

"मी."

काकांनी तिला एकवार वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जुन्या वळणाची आहे हो ही."

"मी कुठे नव्या वळणाची आहे?" ती म्हणाली.

व्यवहार झाला. काकांनी गाडी स्वतः चालवत तिच्या गल्लीत आणून लावली, टाकीवर एकदा थोपटलं आणि मागे न बघता निघून गेले.

आता गल्लीला दुसरं काम नव्हतं. शिंपी मशीन थांबवून दारात आला. समोरच्या बायका कठड्याला टेकल्या. नवरा पायरीवर बसलेला, चेहरा गाडीच्या आवाजाकडे. पट्टीबाईने पिशवी खांद्याला अडकवली, हेल्मेट घातलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसली. किक मारली. गाडी सुरू झाली. क्लच दाबला, क्लासमध्ये शिकवलं तसं डाव्या पायाने गिअर टाकला. काहीच झालं नाही. पुन्हा दाबला. काही नाही. असू दे, जुनी आहे, घट्ट असेल, असं म्हणून तिने गाडी नीट धरायला उजव्या पायाने ब्रेक दाबला. खट्ट असा आवाज आला. ब्रेकचा तो आवाज नव्हे, हे कळायच्या आत हातातून क्लच सुटला आणि गाडीने उडी घेतली.

ती घाबरून उजवा पाय आणखी जोरात दाबू लागली. जितकं दाबावं तितकी गाडी पळे. शिंप्याने आपलं स्टूल वाचवलं, बायका किंचाळल्या, आणि गल्लीच्या टोकाला कुणाच्या तरी बांधकामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगात पुढचं चाक शिरलं तेव्हा कुठे गाडी थांबली. बाई हँडलला तशीच धरून, गळ्याइतक्या वाळूकडे बघत बसली होती.

दीर धावत आला. त्याने वाकून बघितलं आणि त्याला हसू आवरेना. "वहिनी! हिचे गिअर उजव्या पायात आहेत आणि ब्रेक डाव्या! पूर्वी अशा यायच्या. अहो, एकदा, फक्त एकदा पुढे बसून बघितली असतीत तर कळलं असतं!"

सगळ्या बाजाराला मागच्या सीटवरून पारखणारी बाई पुढे बसायचंच विसरली होती. जन्मभर त्या गाडीवर बसलेल्या काकांना तर तीच गाडी सरळ वाटत होती, ते काय सांगणार? आपलं चुकलं, हे पट्टीबाईला कळलं. पण चूक कळणं वेगळं आणि लोकांच्या हसण्याखाली मान घालणं वेगळं. ती उतरली, वाळू झटकली आणि म्हणाली, "हसून झालं असेल तर ढकलायला या."

पायरीवर बसलेला नवरा हसत होता. कितीतरी महिन्यांनी हसत होता, पोट धरून. तिला त्याला मारावंसं वाटलं, आणि त्याच वेळी बरंही वाटलं.

बातमी त्याच संध्याकाळी लेकापर्यंत गेली. असल्या कामात दिराची तत्परता वाखाणण्यासारखी होती. लेकाचा फोन आला. "आई, आता पुरे. आपले काका म्हणतात, या गाड्यांना शौकीन लोक चांगले पैसे देतात. एक हॉटेलवाला आहे, त्याला दाराशी शोभेला ठेवायला हवी आहे. रविवारी त्याला घेऊन येतो. गाडी देऊन टाकू आणि तुम्ही दोघं माझ्याबरोबर चला."

"माझी गाडी तू कुणाला देणार?"

"आई, तू पडली असतीस!"

"वाळूत पडून कुणी मेलंय का?" ती म्हणाली. पण फोन ठेवल्यावर तिने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. रविवार लांब नव्हता, आणि सोमवारी तिला नदीपलीकडे पहिली पट्टी बांधायची होती.

तिने डोक्याऐवजी पायांना शिकवायला घेतलं. क्लासने पायांत जे भरलं होतं ते काढायचं होतं. पट्ट्या गुंडाळताना खाली तिचा उजवा पाय चपलेवर गिअर टाकत असायचा. पेशंटची जखम धुताना टाच हलायची. चिडक्या गुडघ्याने विचारलंही, "तुमच्या पायाला काय झालंय?" ती म्हणाली, "वळण लावतेय."

गल्लीपलीकडे बर्फाचा एक बंद कारखाना होता, त्याच्या आवारात ती गाडी ढकलत नेऊन सराव करायची. पहिल्या दिवशी पडली. कोपर सोललं. घरी येऊन स्वतःच्या हाताने स्वतःला पट्टी बांधली, आणि औषध लावताना सगळ्यांना सांगते तेच स्वतःला सांगितलं: चुरचुरणारच, ओरडून काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा मागोमाग आला. भिंतीला हात लावत आला आणि एका दगडावर बसला. म्हणाला, "घरी बसून कंटाळा येतो." मग गाडी घरघरली तसा त्याच्यातला कारागीर जागा झाला. "क्लच! अगं, पूर्ण दाब की क्लच!" थोड्या वेळाने: "रडवतेस तिला. वरचा टाक." त्याला फिरती गाडी नीट दिसत नव्हती, पण ती सुखात आहे की त्रासात हे आवाजावरून कळत होतं. ती चिडायची, "गप्प बसा हो!" आणि तो म्हणेल तेच करायची. शनिवारी गाडी आवाराच्या सगळ्या कोपऱ्यांतून वळली, थांबली, निघाली, आणि एकदाही खट्ट झालं नाही. नवरा दगडावरून उठला आणि म्हणाला, "शिकवली बुवा एकदाची." ते वाक्य तिने ऐकून ठेवलं: शिकली नव्हे, शिकवली.

रविवारी लेक आला. बरोबर हॉटेलवाला होता आणि दीर होता. हॉटेलवाल्याने गाडीभोवती फिरून मान डोलावली, म्हणाला, "इंजिन काढून टाकलं तरी चालेल. दिसायला मस्त आहे."

"विकायची नाही," पट्टीबाई म्हणाली.

"आई, मी शब्द दिलाय."

"माझ्या गाडीचा शब्द तू कशाला दिलास? हिला हॉटेलच्या दाराशी उभी करायची आणि मला तुझ्या मागच्या खोलीत. दोघींना शोभेला ठेवायला जागा शोधताय तुम्ही. आम्ही अजून चालतोय."

गल्ली ऐकत होती, आणि ऐकत असली तर असू दे, असा तिचा आवाज होता. हॉटेलवाल्याने घड्याळात पाहिलं आणि काढता पाय घेतला. लेक पायरीवर बसून राहिला. त्याच्या डोळ्यांत भीती होती, तिला ती दिसत होती. ती शेजारी बसली, त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण बोललेलं मागे घेतलं नाही.

सोमवारी सकाळी लेक अजून होता. रात्रभर विचार करून त्याने मधला मार्ग काढला होता, आणि तो सगळ्यांना पटला होता. "ठीक आहे, आई, चालव. पण एकटी नको. बाबा मागे बसतील. त्यांना आवाजावरून सगळं कळतं, ते सांगत राहतील." दीर म्हणाला, "हे बेस्ट." शिंपीसुद्धा दारातून म्हणाला, "जोडी शोभेल." नवरा तर आधीच तयार होऊन, हेल्मेट घालून, पट्टा हनुवटीखाली आवळून गाडीपाशी उभा होता. मागे बसायला तयार झाला होता हा माणूस. त्याच्यासाठी ते केवढं होतं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. हो म्हणणं किती सोपं होतं! तिने त्याच्याकडे पाहिलं. जीव तुटला तिचा.

"नाही," ती म्हणाली. "आज मी एकटी जाणार."

"अगं, मी काय ओझं आहे?" नवरा म्हणाला.

"ओझं नाही. पण तुम्ही मागे बसलात की तुम्ही सांगणार, आणि मी ऐकणार. मला सवय आहे ऐकायची. मग गाडी पुन्हा तुम्हीच चालवणार, मागे बसून." तिने पिशवी खांद्याला अडकवली. "मी लग्न झाल्यापासून रस्ता बघितला नाही हो. तुमची पाठ बघितली. चांगली पाठ आहे, माझी तक्रार नाही. पण मला एकदा रस्ता बघू दे. उद्या बसा, परवा बसा, रोज बसा. आज नाही."

नवऱ्याने हनुवटीखालचा पट्टा चाचपून चाचपून सोडला, हेल्मेट काढून हातात धरलं. मग बाजूला सरकला. त्याला नीट दिसत नव्हतं, म्हणून जरा जास्तच सरकला. तिने किक मारली, उजव्या पायाने गिअर टाकला, आणि गाडी वाळूच्या ढिगाला वळसा घालून निघाली. मागून त्याचा ओरडा ऐकू आला, "हॉर्न वाजतो का बघितलास?" तिने हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला, गल्ली संपेपर्यंत.

पुलावर वारा समोरून आला. इतकी वर्षं गाडीवर बसून तिला हा वारा माहीतच नव्हता. तो सगळा पुढच्याच्या छातीवर संपायचा. आता तो तिच्या तोंडावर आदळत होता, डोळ्यांतून पाणी काढत होता, आणि ती दात दाखवत हसत होती, एकटीच, मोठ्याने. पुढे रस्ता होता, अख्खा, मध्ये कुणी नाही. खडी लागली तशी तिने गिअर कमी केला. गाडीने तक्रार केली नाही.

नव्या वसाहतीतल्या पहिल्या घरात एक आजी पाय लांब करून बसल्या होत्या. नडगीवर जुनी जखम, पट्टी ओली झालेली. बाईने हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि हात धुवायला गेली.

"आला होता आवाज," आजी म्हणाल्या. "मोठी गाडी दिसते. कुणी सोडलं तुम्हाला?"

"कुणी नाही सोडलं. मी आले."

आजींनी हेल्मेटकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि पुन्हा हेल्मेटकडे. तोवर पट्टीबाई त्यांच्यासमोर खाली बसली होती आणि ओली पट्टी सोडायला तिने हात पुढे केला होता.

"पाय वर घ्या, आजी," ती म्हणाली.